इलायस हाउ आणि त्याची सुई

हाताने शिवण्याची सुई आणि शिवणयंत्राची सुई एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहा. हातसुईचे टोक एका बाजूला असते आणि दोरा ओवण्याचे नेढे दुसऱ्या बाजूला. यंत्राच्या सुईचे नेढे मात्र टोकापासून अगदी जवळ, जेमतेम काही मिलिमीटरवर असते. तिचा वरचा जाड भाग यंत्राच्या दांडीत स्क्रूने आवळून बसवलेला असतो. वरवर पाहता हा फरक क्षुल्लक वाटतो. पण हाडाच्या सुईने कातडी शिवणाऱ्या आदिमानवापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सर्वसाधारण शिवणकामात नेढ्याची जागा हलली नव्हती. ती हलवून त्यावर चालणारे यंत्र उभे करण्यात ज्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली, त्या इलायस हाउची ही कथा आहे.

हाउचा जन्म ९ जुलै १८१९ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्पेन्सर या गावी झाला. वडील शेतकरी होते. शेतीला जोड म्हणून त्यांची पिठाची गिरणी आणि लाकूड कापण्याची गिरणीही होती. तरीही घरात खाणारी तोंडे पुष्कळ असल्यामुळे मुलांना लहानपणापासून कामाला लागावे लागे. कापूस पिंजण्याच्या यंत्राला तारांचे दात असलेल्या चामड्याच्या पट्ट्या लागत. त्या पट्ट्यांत बारीक तारा खोचण्याचे काम इलायस भावंडांबरोबर वयाच्या सहाव्या वर्षापासून करू लागला. त्याची प्रकृती नाजूक होती आणि पायही थोडा अधू होता. शेतातली अंगमेहनत त्याला झेपत नसे. गिरणीची चाके, पट्टे, दाते यांत मात्र त्याचे मन रमे.

सोळाव्या वर्षी तो लोवेल या गिरण्यांच्या शहरात गेला आणि कापडगिरण्यांची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. मागावर धोटा कसा इकडून तिकडे धावतो आणि उभ्या धाग्यांतून आडवा धागा कसा नेतो, हे त्याने तेथे रोज पाहिले. १८३७ च्या आर्थिक मंदीत गिरण्या बंद पडल्या आणि त्याचे काम सुटले. तो केंब्रिजला आला आणि पुढच्याच वर्षी अॅरी डेव्हिस नावाच्या निष्णात कारागिराच्या हाताखाली लागला. डेव्हिसच्या दुकानात जहाजांवरची अचूक घड्याळे आणि शास्त्रीय उपकरणे तयार होत व दुरुस्त होत. याच दुकानात एके दिवशी काही मंडळींचे बोलणे त्याच्या कानावर पडले. शिवणारे यंत्र जो कोणी तयार करील त्याचे नशीब उघडेल, असा त्या बोलण्याचा आशय होता. विशीतल्या त्या कामगाराच्या मनात ते घर करून राहिले.

१८४१ मध्ये हाउचा विवाह एलिझाबेथ एम्सशी झाला. पुढे त्यांना तीन मुले झाली. हाउची मजुरी आठवड्याला ९ डॉलर होती. दिवसभराच्या कामाने तो इतका थकून जाई की संध्याकाळी घरी येताच अंथरुणावर पडे. मिळकतीत भागेना म्हणून एलिझाबेथ लोकांचे कपडे शिवून देऊ लागली. मुले झोपल्यावर दिव्याच्या उजेडात तिचा हात चालू असे आणि हाउ तो हात निरखत पडून राही.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. महात्मा गांधी यंत्रांच्या अतिरेकावर टीका करीत असत, हे आपण जाणतो. मात्र १९२४ साली एका संवादात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद मानले होते. पत्नीचे कष्ट पाहून एका प्रेमळ पतीने हे यंत्र घडवले, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. त्यांनी नाव मात्र सिंगरचे घेतले. सिंगर हे नाव भारतात घरोघरी पोचले होते, त्यामुळे तसे होणे स्वाभाविकच होते. पण पत्नीच्या सुईकडे पाहत रात्री घालवणारा पती खरोखर शोधायचा, तर तो हाउच्या त्या खोलीतच सापडतो.

हाउची पहिली चूक अशी, की त्याने हाताचे अनुकरण करणारे यंत्र करायचे ठरवले. त्याने दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि मध्यभागी नेढे असलेली सुई घेतली आणि ती कापडातून आरपार ये-जा करील अशी रचना केली. वर्षभर खटपट करूनही धड टाका पडेना. या अपयशाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हाताने शिवताना आपण सुई कापडात खुपसतो, ती सोडून देतो, पलीकडून पुन्हा पकडतो आणि सगळा दोरा ओढून घेतो. सोडणे आणि पकडणे बोटांना सहज जमते, पण यंत्राला ते जमवणे महाकठीण. यंत्राने सुई एकदा धरली की धरूनच ठेवली पाहिजे. मग सुई पूर्ण पलीकडे जाणार नाही, फक्त तिचे टोक जाईल. आणि टोकच तेवढे पलीकडे जाणार असेल, तर दोराही टोकापाशीच असायला हवा.

१८४४ च्या सुमारास हाउला हे उमगले. ते कसे उमगले याची एक आख्यायिका सांगितली जाते. रानटी लोकांनी आपल्याला घेरले आहे आणि त्यांच्या भाल्यांच्या पात्यांना टोकाशी भोके आहेत, असे स्वप्न त्याला पडले म्हणे. ही हकीकत त्याच्या कुटुंबीयांत सांगितली जात असे. गोष्ट रंजक आहे. पण लोवेलच्या मागावरचा धोटा आणि डेव्हिसच्या दुकानातली बारीक कामाची सवय यांचे ऋण स्वप्नापेक्षा मोठे असावे, असे वाटते.

कारण नेढे टोकाशी आणल्याने अर्धेच काम होत होते. सुई दोरा घेऊन कापडात शिरते आणि थोडीशी मागे सरकते. त्याच क्षणी घर्षणामुळे दोरा कापडाला अडतो आणि नेढ्यापाशी त्याचा एक लहानसा फास तयार होतो. या फासातून दुसरा दोरा पार करणारा एक इवलासा धोटा हाउने बसवला. सुई मागे गेली की दोन्ही दोरे एकमेकांत गुंतून कापडाच्या मधोमध आवळले जात. आपल्या यंत्रात खाली बॉबीन असते, तिचा दोरा आजही हेच काम करतो. हा टाका एका जागी तुटला तरी सहजासहजी उसवत नाही. हाताच्या टाक्याची ती नक्कल नव्हती. तो यंत्रासाठीच योजलेला टाका होता.

या सुईच्या अंगावर आणखी एक गोष्ट असते. तिच्या एका बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत उभी खोबण दिसते. सुई कापडात घुसताना दोरा या खोबणीत दडतो, म्हणून तो कापडाला घासून तुटत नाही. दुसऱ्या बाजूला नेढ्याच्या जरा वर सुई किंचित खोलगट केलेली असते. तेथे फास मोकळा होतो आणि धोट्याचे किंवा आकड्याचे टोक सुईला न खरवडता फासात शिरते. शिकाऊ शिंपी सुई उलटी बसवतो आणि टाके सुटतात म्हणून यंत्राला दोष देतो. बहुतेक वेळा दोष त्याच्या सुईच्या दिशेत असतो.

सुई निवडण्याचे सगळे शास्त्र या फासाभोवतीच फिरते. बाजारात सुईच्या पाकिटावर १४, १६, १८ असे क्रमांक असतात. त्यांच्या जोडीला ९०, १००, ११० असेही आकडे छापलेले असतात. दुसऱ्या आकड्याचा अर्थ सोपा आहे. १०० क्रमांकाच्या सुईच्या पात्याची जाडी १ मिलिमीटर असते आणि ९० क्रमांकाची ०.९ मिलिमीटर. जाड दोऱ्याला मोठे नेढे आणि रुंद खोबण लागते, नाहीतर दोरा पिंजतो. तलम कापडात जाड सुई घातली तर भोके उमटतात. होजिअरीच्या विणलेल्या कापडाला किंचित गोलसर टोकाची सुई लावावी, म्हणजे ती धागे न तोडता त्यांच्यामधून वाट काढते. घट्ट विणीच्या सुती कापडाला तीक्ष्ण टोक हवे.

या निवडीची खरी परीक्षा रजई शिवणाऱ्या मोठ्या यंत्रांवर होते. अमेरिकेत रजया शिवण्याची परंपरा जुनी आहे, जशी आपल्याकडे गोधडीची. तेथे आता लाँगआर्म, म्हणजे लांब हाताची यंत्रे वापरतात. नेहमीच्या यंत्रात सुई एका जागी राहते आणि कापड पुढे सरकते. लाँगआर्ममध्ये याच्या उलट असते. वरचे कापड, मधला कापसाचा थर आणि खालचे अस्तर चौकटीवर ताणून बसवतात आणि यंत्रच चाकांवर हवे तसे फिरवत नक्षी शिवतात. यंत्र सर्व दिशांना धावत असल्यामुळे सुई कापडात असतानाच तिच्यावर आडवा ताण येतो आणि ती लवते. सुई केसभर लवली तरी आकड्याला फास सापडत नाही व टाका सुटतो. ती अधिक लवली तर खालच्या पत्र्यावर आपटून मोडते. म्हणून या कामाला साध्या सुईपेक्षा ताठ, बळकट पात्याची सुई घेतात. ती बहुधा १६ किंवा १८ क्रमांकाची असते. बारीक दोरा आणि नाजूक कापड असेल तर एक पायरी खाली उतरतात. पण जाड सुई सुरक्षित म्हणून ती सरसकट लावणेही बरोबर नाही. दोऱ्याच्या मानाने नेढे फार मोठे झाले तर दोरा त्यात सैल हलतो आणि फास नीट तयार होत नाही. टोक बोथट होण्याची वाट न पाहता जाणकार ती आधीच बदलतात. कापडातून सुई जाताना टकटक आवाज येऊ लागला की समजावे, तिचे दिवस भरले.

हाउला मात्र अशी तयार सुई कोण देणार! प्रत्येक सुई त्याला हाताने घडवावी लागे, आणि त्यासाठी लागणारा पैसा त्याच्याजवळ नव्हता. त्याच्या मदतीला जॉर्ज फिशर हा शाळासोबती आला. फिशरची लाकूड-कोळशाची वखार होती. त्याने हाउच्या कुटुंबाला आपल्या घरात जागा दिली, ५०० डॉलर दिले आणि त्या बदल्यात होणाऱ्या शोधात निम्मा वाटा घेतला. फिशरच्या घराच्या माळ्यावर १८४५ च्या एप्रिल महिन्यात हाउच्या यंत्राने पहिली शिवण घातली. जुलैमध्ये त्याने दोन लोकरी पोशाखांच्या शिवणी यंत्रावर शिवल्या. एक पोशाख फिशरसाठी होता आणि दुसरा स्वतःसाठी.

यंत्र तर झाले, पण ते घेणार कोण? बॉस्टनच्या क्विन्सी हॉलमधील कपड्यांच्या कारखान्यात हाउने जाहीर सामना लावला. सारख्या लांबीच्या दहा शिवणी तयार करण्यात आल्या. पाच शिवणी अत्यंत चपळ अशा पाच शिवणकाम करणाऱ्या मुलींना एकेक वाटून दिल्या आणि उरलेल्या पाच हाउने यंत्रावर घेतल्या. मुलींची एकेक शिवण पुरी होण्याआधी हाउच्या पाचही शिवणी झाल्या होत्या. त्याचे यंत्र मिनिटाला सुमारे २५० टाके घालीत असे. लोकांनी कौतुक केले, पण यंत्र कोणी विकत घेतले नाही. एका यंत्राची किंमत ३०० डॉलरच्या घरात जात होती. शिवाय कारागिरांना धास्ती वाटत होती, की या यंत्रामुळे आपल्या पोटावर पाय येईल. ही भीती केवळ अज्ञानातून आली होती, असे म्हणता येणार नाही. फ्रान्समध्ये तिमोनिए या शिंप्याने हाउच्या आधीच शिवणयंत्र बनवले होते आणि १८३१ मध्ये पॅरिसच्या संतप्त शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडून टाकली होती. आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्याला पुढच्या पिढीचा लाभ दाखवून त्याची चूल पेटत नाही.

१० सप्टेंबर १८४६ रोजी हाउला अमेरिकेचे पेटंट मिळाले. तोवर फिशरचे सुमारे २००० डॉलर खर्च झाले होते आणि त्याचा धीर सुटला होता. हाउ कुटुंब वडिलांच्या घरी परतले. अमेरिकेत कोणी विचारीना म्हणून हाउचा भाऊ अमासा एक यंत्र घेऊन लंडनला गेला. तेथे विल्यम थॉमस याने ते २५० पौंडांना घेतले. हा थॉमस चोळ्या, छत्र्या आणि बूट तयार करणारा कारखानदार होता. इंग्लंडमध्ये पेटंट त्याने स्वतःच्या नावे नोंदवले. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे काही रक्कम देण्याचे त्याने तोंडी कबूल केले होते, असे हाउ कुटुंबाचे म्हणणे होते. पण कागदावर काहीच नव्हते आणि ती रक्कम कधी मिळाली नाही. थॉमसने हाउला आठवड्याला ३ पौंड पगारावर बोलावून घेतले. आपल्या मालासाठी हवे तसे यंत्र त्याच्याकडून करून घेतले आणि काम होताच त्याला वाईट रीतीने वागवू लागला. आठ महिन्यांत ती नोकरी संपली.

परक्या शहरात बायकामुलांसह हाउ उघड्यावर पडला. एलिझाबेथला क्षयाने ग्रासले होते. उसनवारी करून त्याने तिला आणि मुलांना आधी मायदेशी पाठवले. स्वतःच्या प्रवासखर्चासाठी त्याने आपले पहिले यंत्र आणि पेटंटचे कागद गहाण टाकले. १८४९ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिशात मोजकी नाणी होती. तेथे एका यंत्रशाळेत काम मिळते न मिळते तोच पत्नी अत्यवस्थ असल्याची बातमी आली. केंब्रिजला जाण्याचे भाडेही त्याच्याजवळ नव्हते. वडिलांनी १० डॉलर पाठवले तेव्हा तो पोचला आणि तिची अखेरची भेट झाली. अंत्यविधीसाठी त्याला अंगावर घालण्याजोगे कपडे नव्हते. त्याने ते मेव्हण्याकडून मागून घेतले. त्याच सुमारास त्याचे घरगुती सामान घेऊन येणारे जहाज समुद्रात बुडाल्याचेही कळले.

या शोकातून मान वर करून पाहतो तो काय, अमेरिकेत शिवणयंत्रे विकली जात होती! ठिकठिकाणचे कारागीर ती बनवीत होते आणि लोक ती पाहायला गर्दी करीत होते. त्यांतल्या बहुतेक यंत्रांत टोकाशी नेढे असलेली सुई आणि दुहेरी टाका होता. हाउने १०० डॉलर पाठवून लंडनमध्ये गहाण पडलेले यंत्र आणि कागद सोडवून आणले. फिशरचा वाटा जॉर्ज ब्लिस याने विकत घेतला आणि न्यायालयीन लढाईला पैसा पुरवला. त्यासाठी हाउच्या वडिलांना आपले शेत तारण ठेवावे लागले.

सर्वांत तगडा प्रतिस्पर्धी होता आयझॅक सिंगर. त्याने १८५१ मध्ये पेटंट मिळवले होते. सिंगरच्या पदरात त्याचे माप टाकलेच पाहिजे. हाउच्या यंत्रात वाकडी सुई आडवी हलत असे आणि कापड एका पट्टीवर टाचून उभे टांगावे लागे. पट्टी संपली की थांबून पुन्हा टाचावे लागे. वळणाची शिवण तर जवळजवळ अशक्यच होती. सिंगरने सुई सरळ केली, ती वरखाली चालवली, कापड आडव्या फळीवर ठेवले आणि ते दाबून धरणारा पाय बसवला. घरात वापरता येईल असे रूप यंत्राला दिले ते त्याने. पण सुई आणि टाका हाउच्या पेटंटातले होते.

सिंगरच्या बाजूने न्यायालयात वॉल्टर हंट या संशोधकाचे नाव पुढे आले. हंटने १८३० नंतरच्या दशकात, म्हणजे हाउच्या कितीतरी आधी, टोकाशी नेढे असलेली सुई आणि धोटा वापरून यंत्र बनवले होते. मात्र त्याने त्याचे पेटंट घेतले नाही आणि ते अडगळीत पडू दिले. १८५४ मध्ये न्यायालयाने हाउच्या बाजूने निकाल दिला. जे सोडून दिले त्यावर हंटला नंतर हक्क सांगता येणार नव्हता. कायद्याने हा निर्णय योग्य ठरला. तरीही पहिला कोण, हा प्रश्न विचारल्यास हंटचे नाव टाळता येत नाही. सिंगरने हाउला १५,००० डॉलर दिले. तरीही कारखानदारांचे परस्परांवरचे दावे थांबेनात. अखेर १८५६ मध्ये हाउ, सिंगर आणि आणखी दोन मोठ्या कंपन्यांनी आपापली पेटंटे एकत्र आणली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे हाउला ५ डॉलर आणि परदेशी जाणाऱ्या यंत्रामागे १ डॉलर मिळू लागला.

मागून आणलेल्या कपड्यांत पत्नीला निरोप देणारा हाउ काही वर्षांतच लक्षाधीश झाला. पेटंटापासून त्याला एकंदर वीस लाख डॉलरच्या आसपास मिळाले असे मानतात. १८६२ मध्ये, अमेरिकेतील गृहयुद्धाच्या काळात, तो कनेटिकट राज्याच्या सतराव्या पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झाला. पायाने अधू असल्यामुळे त्याच्याकडे टपालाचे काम देण्यात आले. बॉल्टिमोरहून पलटणीची पत्रे घोड्यावरून तो घेऊन येई. एकदा सरकारकडून पगार लांबला तेव्हा त्याने आपल्या पलटणीचा पगार पदरचा भरला.

पुढे ब्रिजपोर्ट येथे त्याने स्वतःच्या नावाचा कारखाना काढला. १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात त्याच्या यंत्राला सुवर्णपदक मिळाले आणि फ्रान्सने त्याला मानाचा क्रूस दिला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला त्याच्या पेटंटाची वाढीव मुदत संपली. त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १८६७ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ब्रुकलिन येथे हाउचे निधन झाले. त्याचा कारखाना जावयांनी पुढे काही वर्षे चालवला. पेटंटसाठी सादर केलेला यंत्राचा नमुना वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेला आहे.